हातबाहुली हातात घातली की नुसती 'कापडात घातलेला हात' का वाटते?

सांजवात

बाहुली तयार आहे. कागदाच्या लगद्याचं डोकं, जुन्या सुती साडीचा झगा, लोकरीचे केस. पात्र म्हातारीचं. ठेवली की झकास दिसते, हातात घालून हलवायला घेतली की म्हातारी गायब आणि कापडात घातलेला हात तेवढा उरतो.

गोष्ट 8 मिनिटांची आहे : म्हातारी, तिची हरवलेली वाटी आणि मांजर. मांजर डाव्या हातात. समोर बालवाडी ते दुसरीची 40 मुलं, जमिनीवर बसलेली. पडदा म्हणजे दोन खांबांना बांधलेली चादर.

मापं देते, म्हणजे उत्तरं हवेत राहणार नाहीत. डोकं 14 सेंमी उंच, वजन 190 ग्रॅम. झगा मानेपासून खाली 24 सेंमी. तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधलं बोट दोन हातांत. तोंड उघडत नाही.

सगळे व्हिडिओ 'बाहुलीत जीव ओता' म्हणतात. ओतायचा कसा ते कोणी सांगत नाही. इथे जाणकार आहेत, नेमकं सांगा.

टवाळ_टिपरी

आधी खालचं भोक बुजवा, नाहीतर ओतलेला जीव कोपरातून गळेल. (हलकं घ्या.)

शिंपीण

टिपरी, गंमतीत बोललात पण गळती खरंच तिथेच आहे. 24 सेंमी झगा म्हणजे हात जरा वर गेला की मनगट उघडं. एकदा का घड्याळाचा पट्टा किंवा बांगड्या दिसल्या की मुलं म्हातारीकडे बघतच नाहीत. झगा कोपराच्या दोन बोटं खालपर्यंत हवा, म्हणजे 33 ते 36 सेंमी. खाली साडीचाच काठ जोडा, म्हातारीला शोभेलही.

दुसरं, काखेत बघा. अंगठा आणि मधलं बोट पूर्ण फाकवल्यावर दोन बोटांच्या मधलं कापड ताणलं जात असेल तर बाहुलीला मिठी मारता येणार नाही, टाळी वाजवता येणार नाही, ती कायम 'हात वर' करून उभी राहील. बहुतेक घरगुती बाहुल्या इथेच फसतात, कारण बेतताना आपण हात सपाट ठेवून भोवती पेन्सिल फिरवतो. हात काही सपाट नसतो, त्याला जाडी असते. पेपरवर हात फाकवून ठेवा, कडेने 2.5 सेंमी मोकळे सोडा, वर शिवणीचा 1 सेंमी वेगळा. काखेत टोकदार कोन नको, गोलाई द्या आणि शिवणीला कात्री मारून घ्या, नाहीतर उलटवल्यावर तिथेच गोळा होतो.

बाहुलीचे तळवे बोटाच्या शेवटच्या पेरापाशी संपले पाहिजेत. लांब तळवे लुळे पडतात आणि वस्तू धरत नाहीत.

खळ_आणि_कागद

झगा दुय्यम आहे, खरा गुन्हेगार 190 ग्रॅम. हे सगळं वजन एकट्या तर्जनीवर, तेही बोटाच्या टोकापाशी. दोन मिनिटांत बोट वाकतं, मान झुकते, मग तुम्ही नकळत मनगटाने भरपाई करता आणि अख्खी बाहुली मागे रेलते. चेहरा छताकडे. '14 सेंमी' हेही एका बोटाला मोठंच. 11-12 सेंमी आणि 80 ते 100 ग्रॅम हे सोयीचं माप.

नवीन करायची गरज नाही. कानामागून कानापर्यंत कटरने डोकं उघडा, आतला कागदाचा गोळा उकरून काढा, कवच 3 मिमीच्या आसपास राहू द्या. मग फट खळीच्या कागदी पट्ट्यांच्या दोन थरांनी बंद करा. केसांखाली शिवण झाकली जाते. सावलीत एक दिवस वाळवा, पावसाळ्यात तीन. ओलं असताना रंगवलं तर आतून बुरशी येते.

खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, कीड लागू नये म्हणून. ते विषारी आहे, बाहुली मुलांच्या हातात जाणार असेल तर नको.

आणि मान! सांजवातताई, मानेचं भोक केवढं आहे? बोट आत गोल फिरत असेल तर बाकी सगळं व्यर्थ.

सांजवात

भोक 3 सेंमीचं आहे. हो, बोट फिरतं. अंगठ्याला चिंधी गुंडाळावी तशी तर्जनीला चिंधी गुंडाळते, दर वेळी वेगळी बसते.

खळ_आणि_कागद

मग तेच. पोस्टकार्डाच्या जाडीचा पुठ्ठा स्वतःच्या तर्जनीभोवती गुंडाळून नळी करा, 5 सेंमी लांब. ती बोटाच्या मधल्या सांध्याच्या किंचित अलीकडे थांबली पाहिजे. सांधा नळीत अडकला तर मान वाकणारच नाही, आणि नळी अगदी आखूड असेल तर डोकं लटपटतं. नळी भोकात फेव्हिकॉल आणि चिंध्यांनी पक्की बसवा, आतून पातळ फेल्टचा एक थर. डोकं जोरात 'नाही नाही' केल्यावर बोटावर फिरलं नाही तर मान जमली.

पडद्यामागे

वरच्या दोघांनी यंत्र दुरुस्त केलं. आता चालवण्याबद्दल.

हातबाहुलीची शरीररचना आधी डोक्यात बसवा : तर्जनी म्हणजे मान, मनगट म्हणजे कंबर, कोपर म्हणजे पाय. 'हो' म्हणताना फक्त तर्जनी वाकते. नमस्कार मनगटातून. चालणं कोपरातून. नवशिके ही तिन्ही कामं मनगटाकडून करून घेतात, म्हणून म्हातारी हो म्हणते तेव्हाही कंबरेतून लवते.

'नाही' अवघड आहे, कारण तर्जनी स्वतःभोवती फिरत नाही, फिरतो तो कोपरापुढचा हात, म्हणजे बाहुलीचं सगळं अंग. उपाय : बाहुलीचे दोन्ही तळवे छातीशी जुळवून धरायचे आणि मग हात थोडासाच फिरवायचा. हात स्थिर दिसले की बघणाऱ्याला फक्त डोकं फिरल्यासारखं वाटतं.

आता मुख्य गोष्ट, नजर. बाहुली मुलांच्या डोळ्यांपेक्षा उंचावर असते, त्यामुळे तुमच्या मते सरळ बघणारी म्हातारी प्रत्यक्षात मुलांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघते. झाडूची एक काडी तिच्या नाकावर चिकटपट्टीने आडवी लावा आणि कोणाला तरी समोर जमिनीवर बसवा. काडीचं टोक दुसऱ्या-तिसऱ्या रांगेकडे रोखलेलं हवं. मनगट किती पुढे झुकवावं लागतं ते बघून आश्चर्य वाटेल. तो झुकाव हाताच्या अंगवळणी पडेपर्यंत काडी काढू नका.

रंगवताना बुबुळं अगदी मधोमध काढली असतील तर थोडी नाकाकडे सरकवा, दोन्हीकडे 1-2 मिमी. बाहुली तिरळी दिसत नाही, उलट काहीतरी बघतेय असं वाटतं. चेहऱ्यावर चकचकीत वॉर्निश नको, दिव्याखाली डोळे विझतात.

निमूट

नजरेबद्दल पूर्ण सहमत. भर एवढीच : थांबवा तिला. सतत हलणारी बाहुली मेलेली वाटते. हे उलटं वाटेल, पण सगळंच हलत असलं की त्यातली कुठली हालचाल बाहुलीने *ठरवून* केली तेच कळत नाही.

डफली

निमूट, एकदम थांबवली तर ती खुंटीवरची टोपी होते. श्वास पाहिजे. मनगट अर्धा सेंमी वर, अर्धा सेंमी खाली, 3-4 सेकंदांचं आवर्तन, सतत.

निमूट

एवढ्याशा डोक्याचा अर्धा सेंमी पाचव्या रांगेतून दिसतो का? आणि सतत श्वास घेणारी म्हातारी दमेकरी वाटते. श्वास फक्त दोन ठिकाणी : एखादी गोष्ट कळल्यावर (आत), आणि काम झाल्यावर (बाहेर). तोही दिसेल असा, दोन सेंमीचा.

डफली

हे बरं आहे. 'सतत' मागे घेते. पण विश्रांतीतला हात एकदम खांबासारखा ताठ नसावा, एवढा आग्रह कायम.

पडद्यामागे

दोघांचं भांडण वाटीवर सोडवू या, सांजवातच्या गोष्टीत ती आहेच.

चादरीच्या वरच्या कडेला एक फळी बांधा. वाटी फळीच्या डाव्या टोकाला आहे. म्हातारी उजवीकडे तोंड करून शोधतेय. पडद्यामागे पायाने दुसरी वाटी जमिनीवर वाजवा. टण्ण. म्हातारी आहे तिथे गोठते, शोधणारे हातही हवेत अर्धवट. मनात 'एक'. मग फक्त मान, आवाजाच्या दिशेला. वाटी दिसली. आता काहीही करायचं नाही, मनात 'एक, दोन'. मग श्वास आत, दोन सेंमी वर. मग मुलांकडे बघायचं, 'एक'. हा क्षण सगळ्यात मोलाचा, मुलं इथेच ओरडतात. पुन्हा वाटीकडे. आता कंबर झुकते, आणि सगळ्यात शेवटी हात निघतात.

बहुतेक जण हात आधी पुढे करतात, डोकं मागून येतं. मग असं दिसतं की वाटी कुठे आहे ते म्हातारीला नाही, चालवणाऱ्याला ठाऊक आहे. तिथे खेळ संपला.

वाटी लोणच्याची, छोटी घ्या. दोन्ही तळव्यांमध्ये दाबून धरायची. स्टील सुती कापडावरून घसरतं, तळव्यांच्या आत पातळ फोमचे तुकडे टाका. आणि उचलण्याआधी किंचित खाली जायचं, मग वर. त्या खाली जाण्याने वाटीला वजन येतं. वस्तू दोन हातांनी उचलणं ही हातबाहुलीची मिरास आहे, दोऱ्यांवर चालणाऱ्या कळसूत्रीला ते इतकं सहज जमत नाही.

तळकोकणी

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण कळसूत्रीचं नाव काढलंत म्हणून. लोक सरसकट सगळ्या बाहुल्यांना कठपुतळी म्हणतात. आमच्या सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाकडे कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी अशा तिन्ही परंपरा आहेत. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली ती यासाठीच. हातबाहुलीची जुनी घराणी मात्र इतर राज्यांत : केरळची पावकथकळी, ओडिशाची सखी कुंढेई, उत्तर प्रदेशातल्या भांडकुदळ गुलाबो-सिताबो.

टवाळ_टिपरी

आणि आपला अर्धवटराव?

तळकोकणी

रामदास पाध्यांचा अर्धवटराव हा शब्दभ्रमाचा बाहुला. पाठीत हात घालून कळींनी तोंड, डोळे हलवतात. चालवणारा शेजारीच दिसतो आणि गंमत त्या दोघांच्या संवादात असते. हातबाहुलीचं गणित वेगळं.

तरी 'चालवणारा लपलाच पाहिजे' असंही नाही. पावकथकळीत बाहुलीवाले दिव्यासमोर उघडे बसतात, त्यांचा चेहराही भाव देत असतो. ओडिशात तर एका हाताने ढोलक वाजवायचा आणि दुसऱ्या हाताने बाहुली नाचवायची.

अनामिका_मोकळी

बोटांच्या पकडीबद्दल कोणी बोलेना म्हणून. अंगठा आणि मधलं बोट हातांत घातलं की बाहुलीचा एक खांदा खाली राहतो, कारण अंगठा खालून निघतो. म्हातारीला चालेल, राजाला नाही. स्पेनमधल्या कॅटलोनियाच्या बाहुल्यांत मधली तिन्ही बोटं डोक्या-खांद्यांच्या लाकडी भागात आणि अंगठा-करंगळी हातांत असतात. खांदे समान, पण मान वळत नाही. तैवानच्या बाहुल्यांत तर्जनी डोक्यात, अंगठा एका बाहीत आणि उरलेली तिन्ही बोटं दुसऱ्या बाहीत.

सांजवात, तुमची पकड या गोष्टीसाठी योग्य आहे, कारण मान हवीय. फक्त अनामिका आणि करंगळी तळहाताशी मिटून ठेवा. ती पसरली की म्हातारीच्या पोटात काहीतरी वळवळतं.

शिंपीण

पोटात वळवळणाऱ्या करंगळीला +१. झग्यात आतून एक छोटा खिसा शिवून दोन्ही बोटं त्यात अडकवता येतात.

डफली

आवाजाकडे या कोणीतरी. अच्छा, मीच येते.

तोंड न उघडणाऱ्या बाहुलीने प्रत्येक अक्षराला मान हलवू नये. 'माझी वाटी कुठे गेली' यात एकच ठोका, आणि तो अर्थ ठरवतो. '*माझी*' वर दिला तर ती रागावलीय, '*वाटी*' वर दिला तर शोधतेय, '*कुठे*' वर दिला तर रडकुंडीला आलीय. संहितेत प्रत्येक वाक्यातला एक शब्द अधोरेखित करा, मान तिथेच. बाकी वाक्यात नजर.

मांजर मोज्याचं आहे का? त्याचं तोंड उघडतं का?

सांजवात

हो, मोज्याचं, तोंड उघडतं. आतमध्ये पुठ्ठा.

डफली

मग त्याचे नियम वेगळे. अंगठा खाली न्यायचा, वरची चार बोटं जवळपास स्थिर. उलट केलंत तर दर शब्दाला मांजराचं डोकं मागे पडतं आणि ते छताशी बोलतं. तोंड शब्दावर *उघडतं*, शब्दावर मिटलं तर शब्द खाल्ल्यासारखे दिसतात.

आणि मराठीत लिहिलेली अक्षरं मोजून तोंड उघडू नका, उच्चार मोजा. 'घर' लिहितो दोन अक्षरं, तोंड एकदाच. 'बसतो' दोनदा : बस्-तो. 'वाटी' दोनदा. 'म्याऊ' दोनदा, दुसऱ्यांदा मोठं. वेगात बोलताना तेही सोडून द्या, जोर पडणाऱ्या उच्चारांवर पुरे. 'म', 'प', 'ब' पुढच्या उच्चारापाशी येतील तेव्हा तोंड आधी मिटलेलं हवं, नाहीतर लगेच खोटं दिसतं. 'मी माझी माशी' म्हणून आरशात बघा.

टवाळ_टिपरी

आत्ता ऑफिसात हाताने 'मी माझी माशी' करून पाहिलं. शेजारच्याने डबा लांब सरकवला.

निमूट

आवाजाचा विषय निघालाच आहे तर, राजस्थानी कठपुतळीवाले तोंडात 'बोली' नावाची शिट्टी धरून चिरका आवाज काढतात, आणि त्याचे शब्द कळत नाहीत म्हणून ढोलकवाला ते पुन्हा उच्चारतो. ही फार उपयोगी युक्ती आहे, शिट्टीशिवायही. मांजराने नुसतं म्याव म्याव करावं आणि म्हातारीने 'काय? पलंगाखाली बघितलंस?' असं विचारावं. एक आवाज वाचतो आणि मुलांना मांजराचं कळतं.

(ती शिट्टी घशात जाऊ शकते. मुलांना देऊ नये.)

पडद्यामागे

निमूटची सूचना घ्याच. एकटीने दोन आवाज काढताना फरक फक्त बारीक-जाड पट्टीचा ठेवला तर चौथ्या मिनिटाला दोन्ही एकत्र होतात. वेगाने फरक करा : म्हातारी सावकाश, शब्दांमध्ये जागा सोडत, मांजर झरझर. आणि पात्र बदलताना अर्धा ठोका थांबा : आधी दुसरी बाहुली हलते, मग तिचा आवाज येतो.

एक बोलते तेव्हा दुसरी पूर्ण स्थिर, नजर बोलणारीवर. इथे हात दगा देतात, उजवा हलला की डावा आपोआप थरथरतो. सराव : डाव्या हातात काठोकाठ भरलेला पेला, उजव्या हाताने म्हातारीचं सगळं भाषण. पाणी सांडेनासं झालं की मांजर घाला.

आता प्रवेश आणि चाल : बाहुली लिफ्टसारखी सरळ वर येऊ देऊ नका. फळीच्या टोकाकडून, जिना चढल्यासारखी, चार पावलांत. पहिल्या पावलाला केस, दुसऱ्याला नाक, चौथ्याला कंबर. पाऊल म्हणजे कोपरातून 2-3 सेंमी वर-खाली. म्हातारीचं एक पाऊल जड आणि एक हलकं ठेवलंत तर गुडघेदुखी सांगावी लागत नाही. जातानाही तसाच जिना.

सांजवात

सगळ्यांचे आभार. केलेल्या दुरुस्त्या : डोकं उकरलं, आता 105 ग्रॅम. पुठ्ठ्याची नळी बसवली. काठ जोडून झगा 35 सेंमी. काडी लावून नजर तपासली, खरंच भिंतीकडे बघत होती. वाटीचा प्रसंग जमतोय.

उरलेली एकच अडचण. सहाव्या मिनिटापासून दोन्ही बाहुल्या हळूहळू खाली बुडतात, शेवटी फळीवर नुसती डोकी. मला आतून कळत नाही. फळीसुद्धा नवीनच आहे, चादरीच्या वर बांधलेली, उभी राहून हात डोक्यावर धरते.

पडद्यामागे

उभं राहून डोक्यावर हात 8 मिनिटं कोणाचेच टिकत नाहीत, सवयीच्या लोकांचेही दुखतात. मुलं जमिनीवर आहेत ना? मग तुम्हीही खाली या. 30 सेंमीच्या स्टुलावर बसा, फळी जमिनीपासून 120 सेंमीवर. डोकं लपतं आणि हात चेहऱ्यासमोर, कोपर जवळपास काटकोनात. पहिली रांग फळीपासून दीड मीटर मागे, त्याहून जवळ आली तर त्यांना फक्त हनुवट्या दिसतील. बाहुल्या फळीच्या कडेला चिकटून चालवा, मागे सरकलात तरी तेच होतं.

शिंपीण

आणि बुडणं आतून कळण्यासाठी : योग्य उंचीवर हात धरा, फळीची खालची कड जिथे येते तिथे झग्याच्या पाठीकडच्या बाजूला, तुमच्याकडून दिसेल असा, लाल दोऱ्याचा धावदोरा घाला. दोरा फळीखाली गेला की हात वर. दोन्ही बाहुल्यांना.

झग्याच्या घेरात भरतकामाची जुनी पाच इंची रिंग शिवली तर बाहुली फळीमागे खिळ्याला उलटी टांगता येते, झग्याचं तोंड उघडं राहतं, हात सरळ आत जातो. मांजर मध्ये बाहेर जाऊन परत येतं ना? तेवढ्यात डावा हात खाली सोडून झटकून घ्या.

खळ_आणि_कागद

चादर पांढरी असेल तर बदला किंवा मागे गडद कापड लावा. मागून उजेड आला की तुमची सावली चादरीवर दिसते आणि मुलं तीच बघत बसतात. दोन टेबललॅम्प पुढून, डावी-उजवीकडून तिरपे, फळीपेक्षा उंच.

सांजवात

चादर पांढरीच आहे. :( बदलते. लाल दोरा आजच घालते.

मांजर दुसऱ्या मिनिटाला जातं आणि सहाव्याला येतं. म्हणजे चार मिनिटं डावा हात मोकळा, हे लक्षातच आलं नव्हतं.

निमूट

त्या चार मिनिटांत डाव्या हाताने वाटी वाजवा. पायाने वाजवताना स्टूल हलतं.

टवाळ_टिपरी

आणि मांजर उलटं टांगलेलं असताना म्याव करायला विसरू नका. ते पलंगाखाली आहे.